निकामी सेलवर चालणारी खिशातली टॉर्च

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. मी हल्ली भंगार गोळा करतो ही तक्रार आमच्या घरून तुझ्यापर्यंत गेल्याचे त्यावरून कळले. तक्रार खरी आहे, म्हणून त्या भंगारातून काय निघाले ते सविस्तर लिहितो.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि आमच्याकडची वीज गेली, तेव्हा घरात तीन सेलची एकच टॉर्च होती. (आपण तिला बॅटरी म्हणतो, पण या पत्रात त्याने घोटाळा होईल.) ती लवकरच मंदावली आणि दुकाने तर बंदच होती. भिंतीवरचे घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट यांतून तीन सेल काढून घातले, तरी ते आधीच बरेच वापरलेले असल्याने उजेड जेमतेमच पडला. पांढऱ्या एलईडीला उजळण्यासाठी सुमारे 3 व्होल्ट लागतात. त्यामुळे प्रत्येक सेल 1.5 वरून 1 व्होल्टच्या खाली उतरला की आत ऊर्जा शिल्लक असूनही तिघे मिळून टॉर्चच्या कामाचे राहत नाहीत. असा एकच उतरलेला सेल पुरेल अशी टॉर्च करावी, हे तेव्हा मनात आले आणि या उन्हाळ्यात ते हातून घडले.

यासाठीच्या सर्किटला ‘जूल थीफ’, म्हणजे ऊर्जाचोर, म्हणतात. 1999 मध्ये एका ब्रिटिश मासिकात ते आले होते, आणि त्याला लागते ते सारे अडगळीत सापडते: बंद पडलेल्या सीएफएल दिव्यातली फेराइटची छोटी रिंग, एक बीसी 547 ट्रान्झिस्टर (विजेवर उघडझाप करणारा इवलासा स्विच), 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि 5 मिलिमीटरचा पांढरा एलईडी. रिंगवर इनॅमलच्या तारेचे दोन पदर एकत्र धरून मी पंधरा वेढे दिले. एका पदरातून प्रवाह वाढू लागला की दुसरा पदर ट्रान्झिस्टरला अधिकच उघडतो. वाढ थांबताच ट्रान्झिस्टर एकदम बंद होतो, रिंगमधले चुंबकत्व कोसळते आणि त्यातून उठणारा व्होल्टेजचा झटका सेलच्या व्होल्टेजमध्ये मिळून एलईडी पेटवतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडत असल्याने डोळ्यांना उजेड सलग दिसतो. माझे सर्किट मात्र दोन संध्याकाळी मुकेच राहिले. सोल्डरचे डाग कच्चे असतील म्हणून राळ लावून सगळे डाग पुन्हा दिले, ट्रान्झिस्टर बदलला, आणि शेवटी लक्षात आले की पहिल्या पदराची सुरुवात दुसऱ्या पदराच्या शेवटाला जोडायची असते; मी दोन्ही सुरुवाती एकत्र बांधल्या होत्या. एका पदराची टोके उलटी करताच घड्याळातून काढलेल्या, मीटरवर 1.1 व्होल्ट दाखवणाऱ्या सेलवर एलईडी लख्ख उजळला. आपल्या आयटीआयच्या सरांनी अशा वेळी काय म्हटले असते, ते तुला सांगायला नको.

टॉर्चच्या अंगासाठी उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनांच्या काळात वाढलेल्या त्या गल्ल्यांत पितळेचा तुकडा मागितला तर कोणी कारण विचारत नाही, माप मात्र विचारतात. पेन्सिल सेल 14.5 मिलिमीटर जाड असतो, म्हणून आतून 15 आणि बाहेरून 18 मिलिमीटरची नळी घेतली. ओळखीच्या टर्नरने ती लेथवर लावली, पण पहिला तुकडा चकच्या, म्हणजे लेथच्या पकडीच्या, जबड्यांत दबून इतका लंबगोल झाला की सेल आत जाईना. दुसऱ्या वेळी आत लाकडी गुल्ली ठोकूनच त्याने मागच्या टोकाला 0.75 मिलिमीटर अंतराचे आटे पाडले आणि जुन्या नळाच्या पितळातून टोपण कातून दिले. पैसे त्याने घेतले नाहीत, चहा घेतला.

खरी गंमत चालू-बंद करण्याची झाली. मला वेगळा स्विच नको होता; टोपण आवळले की टॉर्च लागावी, सैल केले की विझावी, एवढेच हवे होते. म्हणून टोपणात रिमोटमधली स्प्रिंग बसवली आणि टॉर्च विझेचना! उघड्या पितळाचे आटे सैल असतानाही एकमेकांना टेकलेलेच राहतात आणि स्प्रिंग तर सेलला सोडतच नाही, त्यामुळे विजेची वाट तुटणार कुठून? मग स्प्रिंग काढून टाकली आणि पुढच्या बाजूला, सर्किटच्या पितळी बटणाभोवती, फोमची चकती चिकटवली. टोपण आवळले की फोम दबून सेलची घुंडी बटणाला टेकते, अर्धा फेरा सैल केला की फोमच सेलला मागे ढकलतो. या अर्ध्या फेऱ्याचा मला सर्किटापेक्षाही जास्त अभिमान आहे.

टॉर्च बोटाएवढी लांब झाली असून सदऱ्याच्या खिशात मावते. तिचा उजेड किल्लीचे भोक, जिना आणि मीटरचा फ्यूज एवढ्यांनाच पुरतो. गच्चीवरून शेजारच्या नारळाचा शेंडा पाहायचा असेल तर ती उपयोगाची नाही. मात्र सेल साधारण 0.6 व्होल्टवर येईपर्यंत ती मिणमिणत राहते, आणि घरातले घड्याळ थांबले की आता तो सेल मला न विचारता कोणी टाकत नाही.

तुझ्यासाठी दुसरी टॉर्च करायला घेतली आहे, नळी कापून झाली आहे, फक्त रिंग नाही. तुमच्याकडे बंद पडलेला सीएफएल असेल तर तो न उघडता तसाच कापडात गुंडाळून येताना घेऊन ये. त्याच्या काचेच्या नळीत पारा असतो, ती फुटता कामा नये. खालचे प्लॅस्टिकचे बूड मी इथे सावकाश उघडतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकमित्र