ग्रहणाच्या रात्री सूनबाईला उपाशी ठेवू नकोस

पुणे,
2 सप्टेंबर 2025

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी 7 तारखेला, खग्रास चंद्रग्रहण आहे. स्पर्श रात्री 9:57, मोक्ष 1:26. वेध दुपारी साडेबाराच्या सुमारास लागतात, पण बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना पंचांगच सवलत देतं. त्यांनी संध्याकाळपासून पाळले तरी चालतात. तेव्हा दुपारचं जेवण, चहा-खाणं यावरून घरात वाद नको.

खरी काळजी त्यानंतरची. सूनबाईला सहावा महिना, त्यात साखर वाढलेली. रात्री साडेआठला नेहमीचं जेवण दे, अकराला कपभर दूध, आणि पाणी तर मागेल तेव्हा. इन्सुलिन चालू असेल तर डोस आणि जेवण यांची सांगड मोडू नका; इंजेक्शन घेऊन उपाशी राहिली तर साखर झपकन खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात. साडेतीन तास एका जागी बसवून लघवीलाही जाऊ न देणं तर अजिबात नको. गरोदरपणात लघवीचा संसर्ग आधीच लवकर होतो. झोप आली तर कुशीवर खुशाल झोपू दे.

विळी, सुरी, कात्री, सुई एक रात्र बाजूला राहिली तर काही बिघडत नाही. तेवढं पाळा, तुझ्या सासूबाईंनाही बरं वाटेल. पण ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ फाटतो, ही भीती तिला घालू नकोस. बाळाच्या वरच्या ओठाचे भाग दोन्ही गालांकडून आणि नाकाखालून वाढत येतात आणि दोन-सव्वादोन महिन्यांतच सांधले जातात. टाळू तिसऱ्या महिन्यात. तो सांधा जुळायचा राहिला तर फट पडते. त्यामागे आनुवंशिकता असते, कधी तंबाखू, कधी फिटची काही औषधं. सहाव्या महिन्यात भाजी चिरून जुळलेला ओठ उकलत नाही गं. तरी असं मूल झालं की आईलाच विचारतात, “ग्रहणात काय चिरलंस?” फार निर्दयी प्रश्न आहे तो.

दुपारचा भात दर्भ ठेवून ओट्यावर झाकू नकोस. या दमट हवेत तो रात्रीपर्यंत आंबतो. गार झाला की लगेच फ्रिजमध्ये. मोक्षाची अंघोळ तिने सकाळी केली तरी चालेल. रात्री दीडला ओल्या फरशीवर पाय घसरायचा.

ढग नसले तर अकरा ते सव्वाबारा चंद्र तांबूस दिसेल. गच्चीतून नुसत्या डोळ्यांनी तिलाही दाखव. चष्मा लागतो तो सूर्यग्रहणाला.

तुझी,
विमल