तासिकेबाहेरच्या शिकवण्याचे मानधन कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॅक ही राष्ट्रीय संस्था महाविद्यालयांचा दर्जा तपासते; त्या मूल्यांकनासाठी तेथील विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षण केले जाते. त्यातील प्रश्न केवळ वर्गातील अध्यापनापुरते नाहीत. लेखी कामाबद्दल तुमच्याशी चर्चा झाली का, तुमच्या उणिवा ओळखून त्या दूर करण्यास शिक्षकांनी मदत केली का, हेही त्यात विचारले जाते. ही कामे तास संपल्यावर सुरू होतात आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचेच.

माझी मुलगी राजापूर तालुक्यातील आमच्या गावाहून एस.टी.ने ये-जा करून बी.ए. करते. तासिका तत्त्वावर असलेले तिचे इतिहासाचे सर अत्यंत तळमळीने शिकवतात, हे आवर्जून नमूद करतो. मात्र दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात त्यांचे तास असतात. त्यांना स्टाफरूममध्ये कपाट नसल्याने तपासायचे गठ्ठे त्यांच्या सॅकमधूनच फिरतात. 'कारणमीमांसा अपुरी' असा शेरा मिळालेला निबंध घेऊन मुलगी त्यांना गाठायला गेली, तेव्हा ते मोटारसायकल सुरू करत होते. तरीही थांबून, उभ्या उभ्या त्यांनी तिला दोन परिच्छेद समजावले. कला शाखेत खरे शिक्षण होते ते अशाच बोलण्यातून, आणि नेमके तेच सरांच्या पदरमोडीवर चालले आहे. पुढे सर्वेक्षणात या बाबतीत गुण कमी पडले, तर ठपका मात्र त्यांच्यावरच येणार.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. २०१९ मध्ये आयोगाने अतिथी शिक्षकांसाठी, म्हणजे तासांपुरत्या बोलावलेल्या शिक्षकांसाठी, प्रतितास १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० रुपये, असे मानधन सुचवले. पण हिशेबाचे एकक तासच राहिले. रिक्त पदे भरणे हाच यावरचा खरा उपाय आहे, याबद्दल दुमत नसावे. ती भरेपर्यंत निदान प्रत्येक वर्गामागे आठवड्याला दोन तास मार्गदर्शनाचे आणि तपासणीचे म्हणून मान्य करून त्यांचे मानधन द्यावे व नेमणूक सत्राच्या पहिल्या दिवसापासून करावी. तसेच महाविद्यालयांनी समाधान सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध करताना प्रत्येक विभागात पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर किती शिक्षक आहेत, हेही त्याच पानावर छापावे, म्हणजे प्रवेश घेण्यापूर्वी पालकांना ते पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक पालक, राजापूर