बंबाच्या यंत्रचालक दादांना, आमच्या चाळीतर्फे

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आम्हाला कळलं नाही. अग्निशमन केंद्रावर फोन करून विचारलं, तर पलीकडून "आमची ड्युटीच होती ती" एवढंच उत्तर आलं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोहोचेलच, आणि तोवर निदान गिरगावातल्या चार लोकांना तरी कळेल की आमच्या चाळीला आग लागली त्या रात्री बंबाजवळ उभ्या असलेल्या माणसाने काय काम केलं.

आत गेलेल्या जवानांचे आभार आम्ही त्याच रात्री मानले. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, अशा अवस्थेत धुरात शिरलेली ती मुलं सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत आणि ते योग्यच आहे. तुमचा मात्र एकही फोटो कोणाकडे नाही. मी खाली तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूलाच शेजारणींबरोबर उभी होते, म्हणून मला जे दिसलं ते सांगते.

आधी ती गल्ली. मुंबईचं अग्निशमन दल १८८७ साली उभं राहिलं तेव्हा पाण्याचे पंप घोडे ओढत होते, आणि आमची गल्ली त्याच जमान्यातली आहे. त्यात दुतर्फा स्कूटर, कोपऱ्यावर भाजीची हातगाडी, आणि वळणावर पुढे आलेली जुनी लाकडी गॅलरी. तुम्ही गाडी थांबवून एकदा खाली उतरलात, वर गॅलरीकडे आणि खाली गटाराच्या झाकणाकडे बघितलंत, आणि परत चढलात. मागे टॉर्च घेतलेला जवान पत्र्यावर हात थोपटत होता, "येऊ द्या, येऊ द्या, बस." पोरांनी तोवर स्कूटर उचलून बाजूला केल्या होत्या. गॅलरी आणि बंब यांच्यात जेमतेम वीतभर जागा राहिली असेल. तुम्ही एकदाही हॉर्न वाजवला नाहीत आणि कोणावर आवाज चढवला नाहीत.

आग तळमजल्यावरच्या मीटरच्या पेट्यांत लागली आणि लाकडी जिन्याला धरली. अशा चाळीत जिना म्हणजे धुराडंच. ज्वाळा खालीच असतात, पण धूर काही क्षणांत वरच्या मजल्यावर पोहोचतो आणि माणसाचा जीव आधी तो घेतो. तुमच्या साहेबांनी आल्या आल्या भोंग्यावरून वरच्या लोकांना सांगितलं, "जिन्यावर कोणी येऊ नका, दार लावून फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या गॅलरीत उभे राहा." घाबरलेल्या माणसाला पळावंसं वाटतं. त्या चार वाक्यांनी तिसऱ्या मजल्यावरची तीन कुटुंबं वाचली, असं मी मानते. वीज तोडल्याची खात्री होईपर्यंत मीटरच्या पेट्यांवर पाणी मारलं नाही, आधी पावडर मारली. लोक ओरडत होते की पाणी का मारत नाहीत. ओरडणाऱ्यांकडे लक्ष न देता बरोबर तेच करत राहायला किती धीर लागतो, हे त्या रात्री कळलं.

मग पाणी सुरू झालं, आणि तुमचं खरं काम मी तिथून पाहिलं. बंबाचं इंजिनच पंप फिरवतं, हे मला माहीत नव्हतं. गाडी उभी असली तरी इंजिन चालूच ठेवावं लागतं, आणि ते बंद पडलं तर आतल्या माणसाच्या हातातलं पाणी जातं. तुमचा एक हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, डोळे दाबाच्या काट्यावर, कान वॉकीटॉकीकडे. आतून "पाणी वाढवा" आलं की काटा चढायचा. "बंद" आलं की तुम्ही लगेच दाब उतरवायचात. नंतर आमच्या एका मुलाने तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही त्याला समजावलंत की दाब कमी पडला तर आतला माणूस आगीसमोर उघडा पडतो, जास्त झाला तर होज, म्हणजे पाण्याची नळी, त्याच्या हातून निसटते आणि जिन्यावरून माणूसच खाली येतो. कोणीतरी चहाचा कप पुढे केला. तुम्ही काट्यावरची नजर न हलवता मान हलवून नको म्हणालात.

बंबात साडेचार हजार लिटर पाणी असतं, असं तुमच्यातल्याच एकाने सांगितलं. ऐकायला भरपूर वाटतं, पण मिनिटाला साडेचारशे लिटरने एकच धार सोडली तरी दहा मिनिटांत टाकी रिकामी. टँकर वाटेत होता. तेवढ्यात तुम्ही आमच्या चाळीच्या विहिरीचं झाकण उघडायला लावलंत आणि तो जाड, कडक सक्शन होज आत सोडलात. आधी पंपाने नळीतली हवा ओढून घेतली, मग पाणी वर आलं. कित्येक वर्षं आम्ही त्या विहिरीकडे नुसतं झाकण म्हणून बघत होतो. दोन धारा त्या विहिरीवर चालल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना धूर निवळल्यावर दोघा जवानांनी खुर्चीत बसवून, पट्ट्याने बांधून खाली आणलं. खाली आल्यावर आजी औषधांच्या डब्यासाठी रडायला लागल्या. एक जण काही न बोलता परत वर गेला आणि डबा घेऊन आला. डब्याला काजळी लागली होती, ती त्याने स्वतःच्या बाहीने पुसून दिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अहवालात ही गोष्ट येणार नाही.

आग विझल्यावर लोकांना वाटलं की झालं, आता गाडी जाईल. तुम्ही गेला नाहीत. जळकं लाकूड आतून धुमसत राहतं, म्हणून जवानांनी जिन्याखालच्या फळ्या उचकटल्या, तुळईवर हात ठेवून ऊब तपासली आणि पुन्हा पाणी मारलं. पहाटेपर्यंत पंप चालू होता. शेवटी होजमधलं पाणी खांद्यावरून सरकवत काढून टाकलं, त्यांच्या गुंडाळ्या केल्या, आणि मग तुम्ही ते थ्रॉटल सोडलंत.

दादा, आमचा परिसर काळबादेवीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ९ मे २०१५ ला तिथली गोकुळ निवास ही जळती इमारत कोसळली, तेव्हा आम्ही अंगणात उभं राहून त्या दिशेचा धूर पाहत होतो. तुमच्या दलाचे अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच दिवशी मरण पावले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचा नंतर रुग्णालयात मृत्यू झाला. दलाचा सर्वोच्च अधिकारी स्वतः जळत्या इमारतीत उतरलेला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. आणि १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटकं भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजावर पाणी मारणारे तुमच्या दलाचे ६६ जण स्फोटात मरण पावले. तुम्ही दर वर्षी १४ एप्रिलला त्यांना मानवंदना देता. आमच्यासारख्यांनी त्या दिवशी तुमच्या दाराशी यायला हवं, असं मला मनापासून वाटतं, आणि या वर्षी आम्ही चाळीतले येणार आहोत.

आम्ही काय केलं, तेही सांगते. वळणावर आता स्कूटर लावत नाही, तिथे पांढरा पट्टा मारला आहे. मीटरच्या पेट्या जिन्याखालून हलवून बाहेरच्या भिंतीवर लावायचं काम मंजूर करून घेतलं आहे. विहिरीचं झाकण एका माणसाला उघडता येईल असं बदललं, शेजारी मोठ्या अक्षरांत 'विहीर' लिहिलं. लोखंडी शिडी मात्र अजून बसवायची आहे. वर्गणी चालू आहे.

एक विनंती. एखाद्या दुपारी मोकळे असाल तर साहेबांची परवानगी काढून बंब घेऊन या. वळण नीट बसतं का ते पाहा, सक्शन होज विहिरीत किती खोल जातो ते मोजा, आणि आमच्या मुलांना दाबाचा काटा वाचायला शिकवा. त्या दिवशी चहा मात्र घ्यावा लागेल. सोबत कांदेपोहे आहेत.

आपली,
गिरगावातली एक रहिवासी, सर्व बिऱ्हाडांच्या वतीने