शिस्त कशाची, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरातलं क्रीडा पान मी सगळ्यात आधी उघडतो आणि त्यात फुटबॉलचं काही असलं तर दोनदा वाचतो, म्हणून हे पत्र. कुठलाही मोठा क्लब चार मॅच हरला की लगेच एक सूर लागतो, की प्लेअर्स माजलेत, कोच फार मवाळ आहे, आता कुणीतरी कडक माणूस आणा, सगळे सुतासारखे सरळ होतील. मग तो कडक माणूस येतो, तोही हरतो, आणि तीच मंडळी म्हणायला लागतात की हा पोरांना श्वास घेऊ देत नाही, समजून घेणारा कोच पाहिजे होता. इथे कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत हेच ऐकू येतं आणि रात्री टीव्हीवरचे एक्स्पर्टही हेच बोलतात. मला वाटतं हा वादच चुकीच्या ठिकाणी चाललाय. कोच कडक आहे का मवाळ आहे हे नंतर बघू, आधी तो कशाबद्दल कडक आहे ते बघा, खेळाबद्दल का स्वतःच्या रुबाबाबद्दल.

रियल माद्रिदचंच घ्या, कारण एकाच क्लबमध्ये आणि बऱ्याचशा त्याच प्लेअर्सवर दोन्ही प्रकार आलटून पालटून करून झालेत. 2010 ला कोच म्हणून मोरिन्हो आला. बार्सिलोना ऐन भरात असताना त्याने 2011-12 ची लीग 100 पॉइंट्स आणि 121 गोल करून जिंकून दिली, हे त्याचं श्रेय कोणी काढून घेऊ नये, तोपर्यंत त्याच्या कडकपणाला काहीतरी अर्थ होता, सगळ्यांना समोरचा एक शत्रू दिसत होता. पण तिसऱ्या सीझनला ती धार आतल्या लोकांवरच चालायला लागली. डिसेंबर 2012 मध्ये मालागाच्या मॅचला त्याने कॅप्टन कासियासला बेंचवर बसवलं आणि राखीव कीपर आदानला गोलमध्ये उभं केलं, मॅच 3-2 ने गेली. आता कीपर बदलणं हा कोचचा हक्कच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण दोन वर्षांपूर्वी ज्याने स्पेनचा कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप उचलला त्याला बसवताना बाकीच्या टीमला ते पटलं पाहिजे ना, ते पटलं नाही आणि टीम दोन गटांत वाटली गेली हे बाहेर बसलेल्या आपल्यालाही दिसत होतं. त्या सीझनला कोपा देल रेची, म्हणजे स्पेनच्या कपची, फायनल स्वतःच्या मैदानावर शहरातल्याच अॅटलेटिकोकडून हरले आणि मोरिन्होने स्वतःच हा आपल्या करिअरमधला सगळ्यात वाईट सीझन असल्याचं म्हटलं.

मग आला कार्लो अँचेलॉटी. भुवई वर करून बघणारा, आवाज न चढवणारा, सगळ्यांशी गोड. त्याच्या टेबलावर पहिला प्रश्न हाच होता, गोलमध्ये कासियास का दिएगो लोपेझ, आणि अख्खं माद्रिद दोन बाजूंना उभं होतं. त्याने काय केलं, तर लीगमध्ये लोपेझ, आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) आणि कोपामध्ये कासियास. बघायला गेलं तर ही तडजोड झाली, आणि कडक कोचच्या भक्तांना ती नेभळट वाटेल, पण दोघांनाही आपली जागा कळली आणि रोजची कुजबुज थांबली. त्याच वर्षी कोपाही आला आणि लिस्बनला चॅम्पियन्स लीगही आली, जी माद्रिदला 2002 नंतर मिळाली नव्हती. त्या फायनलमध्ये अॅटलेटिकोच्या गोदिनचा गोल झाला तो कासियास उगाच पुढे आल्यामुळे झाला हेही लिहिलं पाहिजे, 93व्या मिनिटाला रामोसचं हेडर आत गेलं नसतं तर आज मी हे उदाहरण देत नसतो आणि अँचेलॉटीच्या मवाळपणाने घात केला असंच सगळीकडे छापून आलं असतं. फुटबॉलमध्ये निकाल लागला की मग स्वभावाला नाव ठेवलं जातं, हा माझा मोठा आक्षेप आहे.

पुढच्या वर्षी मोठी ट्रॉफी नाही, म्हणून 2015 च्या मे मध्ये त्याला काढलं, आणि त्याचं नक्की काय चुकलं असं विचारल्यावर क्लबच्या अध्यक्षांना, फ्लोरेंतिनो पेरेझना, काही सांगता आलं नाही. आणला कोण, तर बेनिटेझ, बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालणारा, प्रत्येकाला कुठे उभं राहायचं ते सांगणारा. नोव्हेंबरमध्ये घरच्या बर्नाबेऊ मैदानावर बार्सिलोनाने 4-0 ने धुतलं, जानेवारीत तो गेला. मग झिदान, जो अँचेलॉटीचा असिस्टंट राहिलेला होता, आणि 2016, 2017, 2018 अशा लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग. टीम साधारण तीच, रामोस तोच, मॉड्रिच तोच, रोनाल्डो तोच.

आता हे वाचून कोणी म्हणेल की म्हणजे मवाळ कोच बरा. थांबा. झिदानने 2016 च्या उन्हाळ्यात फिटनेससाठी आंतोनियो पिंटुस नावाचा इटालियन आणला, आणि ह्या माणसाचं टोपणनावच सार्जंट आहे. 2021 ला अँचेलॉटी परत माद्रिदला आला तेव्हा हा सार्जंटही परत आला. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये गोडीगुलाबी आणि ग्राउंडवर घाम काढणारा माणूस वेगळा ठेवलेला. 2022 च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलमध्ये मँचेस्टर सिटी दुसऱ्या मॅचच्या 90व्या मिनिटापर्यंत दोन गोलने पुढे होती दोन्ही मॅचच्या एकूण हिशोबात, रॉड्रिगोने पाठोपाठ दोन मारले, एक्स्ट्रा टाइममध्ये बेंझेमाची पेनल्टी, आणि त्या अर्ध्या तासात कोणाचे पाय चालत होते ते बघा. पण मला त्या रात्रीचं सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते वेगळंच. बदली होऊन बाहेर आलेले क्रूस, मॉड्रिच, आणि बेंचवरचा मार्सेलो, ह्यांच्याशी अँचेलॉटी टचलाइनवर डोकं एकत्र करून बोलत होता, आता कोणाला आत टाकू म्हणून विचारत होता, क्रूसने नंतर सांगितलंही की कोचला शंका होती आणि त्याने आमचं मत घेतलं. चार-चार चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या माणसांचं मत घेण्यात कसला आलाय कमीपणा. ढिला कोच असं करत नाही, ढिल्या कोचला कोणाला विचारायचं तेच माहीत नसतं.

आणि हाच अँचेलॉटी बायर्न म्युनिकला चालला नाही, हेही खरं आहे. गार्डिओलाच्या तीन वर्षांनंतर तो तिथे गेला, पहिल्या वर्षी लीग जिंकला, पण सराव फारच हलका आहे अशी प्लेअर्सचीच तक्रार असल्याच्या बातम्या येत राहिल्या. इथे उलटी गंमत बघा, प्लेअर्सना आणखी काम पाहिजे होतं आणि कोच देत नव्हता. सप्टेंबर 2017 मध्ये पॅरिसला 3-0 ने हरले, रिबेरी, रॉबेन, हुमेल्स बाहेर बसलेले, दुसऱ्या दिवशी त्याला काढलं, आणि पाच प्लेअर त्याच्या विरोधात होते असं अध्यक्ष उली होनेसने उघड सांगितलं. रिटायर झालेल्या 72 वर्षांच्या हाइनकेसला परत बोलावलं, तेव्हा बायर्न डॉर्टमुंडच्या पाच पॉइंट्स मागे होती आणि सीझन संपला तेव्हा दुसऱ्या नंबरच्या 21 पॉइंट्स पुढे होती. हाइनकेस काही हंटर घेऊन फिरणारा माणूस नव्हता, पण सराव नीट घेत होता.

नापोलीचा किस्सा तर ह्या वादात सगळ्यांनी वाचावा असा आहे. इटलीत टीम हरायला लागली की क्लब सगळ्यांना कॅम्पमध्ये कोंडतो, घरी जायचं नाही, बायकापोरांना भेटायचं नाही, त्याला ते रितीरो म्हणतात. नोव्हेंबर 2019 मध्ये नापोलीच्या मालकाने, दे लॉरेंतीसने, आठवडाभराचं रितीरो लावलं. तेव्हा तिथे कोच असलेल्या अँचेलॉटीने आपल्याला हे पटत नाही असं जाहीर सांगितलं, पण हुकूम मालकाचा. साल्झबर्गशी मॅच 1-1 झाली आणि त्या रात्री प्लेअर्स कॅम्पवर न जाता सरळ आपापल्या घरी गेले. बंड म्हणतात ते हेच. डिसेंबरमध्ये कोच बदलला, आणि आला गट्टूसो, मिलानमधला अँचेलॉटीचाच चेला, स्वभावाने अगदी दुसऱ्या टोकाचा, आणि त्याने त्याच सीझनला इटालियन कप जिंकून दिला. म्हणजे मालकाची शिक्षा चालली नाही आणि कोचचा चांगुलपणाही चालला नाही. मालक, कोच आणि प्लेअर्स तिघांची तोंडं तीन दिशेला असली की कुठलीच पद्धत चालत नाही एवढंच त्यातून मला दिसतं.

कडक लोकांबद्दल बोलायचं तर जर्मन कोच फेलिक्स मागाटपेक्षा मोठं नाव नाही. जर्मनीत त्याच्या फेलिक्स ह्या नावातच छळ हा शब्द मिसळून त्याला क्वेलिक्स म्हणायचे. वजनदार मेडिसिन बॉल घेऊन पळवायचा, आणि वोल्फ्सबर्गला तर प्रॅक्टिस ग्राउंडच्या बाजूला पायऱ्यांची एक टेकडीच करून घेतली होती, वर खाली, वर खाली. आणि 2008-09 मध्ये ती टीम चॅम्पियन झाली, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा, ग्राफितेचे 28 गोल आणि जेकोचे 26. त्याआधी बायर्नमध्ये त्याने लागोपाठ दोन वर्षं लीग आणि कप दोन्ही जिंकले होते. त्यामुळे जुन्या पद्धतीचा कडकपणा चालतच नाही असं म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवतो. पण चॅम्पियन झाल्या झाल्या तो शाल्केला गेला, आणि 2011 ला परत त्याच वोल्फ्सबर्गला आला, माणूस तोच, पद्धत तीच, आणि ऑक्टोबर 2012 मध्ये टीम तळाला असताना हाकलला गेला. 2014 ला इंग्लंडच्या फुलहॅमला गेला, तिथे टीम खालच्या लीगमध्ये उतरलीच. तिथला कॅप्टन हँगेलँड सांगतो की मांडी दुखावली होती तर कोचने डॉक्टर सोडून चीज लावायला सांगितलं, मागाटचं म्हणणं असं की तो क्वार्कचा (एक मऊ चीज) घरगुती उपाय होता आणि त्याने फक्त सुचवला होता. कोण खरं ते असो. प्रोफेशनल प्लेअर, ज्याची रोजीरोटी त्या मांडीवर आहे, त्याला एकदा वाटलं ना की ह्या माणसाला माझ्या शरीरापेक्षा स्वतःचा शब्द मोठा वाटतो, मग टेकडी चढायला सांगितली तरी तो मनापासून चढत नाही. वोल्फ्सबर्गच्या पोरांना पायऱ्या चढल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत आपण जास्त पळतोय हे दिसत होतं, म्हणून ती चढली.

इंग्लंडमधल्या संडरलँडला कोच म्हणून दि कानिओ आला तेव्हा जेवणात केचप बंद, मेयोनीज बंद, कोकमध्ये बर्फ बंद. 2013 च्या एप्रिलमध्ये न्यूकॅसलला जाऊन 3-0 जिंकला तेव्हा सगळे वाहवा करत होते, आणि सप्टेंबरमध्ये पाच लीग मॅचमध्ये एक पॉइंट आणि प्लेअर्स त्याची तक्रार घेऊन क्लबच्या वरिष्ठांकडे गेलेले. केचप कोंतेनेही बंद केलं होतं चेल्सीत आणि तो 2017 ला चॅम्पियन झाला, कारण त्याच्याकडे केचपशिवाय तीन डिफेंडरची एक सिस्टिम होती जी तो रोज घोटून घ्यायचा.

कडक म्हटलं की लोक मँचेस्टर युनायटेडच्या सर अॅलेक्स फर्ग्युसनचं नाव घेतात. 2003 ला आर्सेनलकडून हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्याने लाथाडलेला बूट बेकहॅमच्या भुवईला लागला आणि उन्हाळ्यात बेकहॅम माद्रिदला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच फर्ग्युसनने कँटोनाला कसं वागवलं ते कोणी सांगत नाही. जानेवारी 1995, क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर कँटोना प्रेक्षकाच्या अंगावर लाथ घालून गेला, आठ महिन्यांची बंदी, तो फ्रान्सला निघून गेला आणि इंग्लंडला परत येणार नाही म्हणाला. तेव्हा फर्ग्युसन पॅरिसला गेला, पत्रकार मागे लागू नयेत म्हणून मोटरसायकलवर मागे बसून एका रेस्टॉरंटमध्ये पोचला, आणि त्याच्याशी बसून बोलला. ऑक्टोबरमध्ये कँटोना परतला आणि युनायटेडने त्या सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही उचलले. आता ह्याला लाड म्हणायचं का? माझ्या मते हा माणूस कोणाला काय लागतं ते ओळखत होता, आणि क्लबमध्ये शब्द कोणाचा चालतो ह्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती, त्यामुळे एकाला सूट दिली तरी बाकीचे बिघडले नाहीत.

सध्याचं उदाहरण म्हणजे बार्सिलोनाचा हान्सी फ्लिक. वेळेबाबत अजिबात ऐकून घेत नाही. मीटिंगला उशीर झाला म्हणून कुंदेला बसवलं, नवीन आलेल्या रॅशफर्डलाही बसवलं आणि त्याच मॅचमध्ये नंतर आत सोडलं, विषय संपला. ओरडा नाही, पेपरात बदनामी नाही, महिनाभर तोंड फिरवणं नाही. आणि वेळेचा खेळाशी काय संबंध असं वाटत असेल तर त्याची डिफेन्स लाइन बघा, किती पुढे उभी असते, चौघांनी एका क्षणात एकत्र पाऊल उचललं नाही तर फॉरवर्ड मोकळा सुटतो. 2024-25 मध्ये लीग, कोपा आणि सुपर कप तिन्ही त्याच्याकडे.

संपादक साहेब, आता मुद्दा आपल्या पानाचा. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारताचे कोच झाले, 2012 पर्यंत असलेल्या गोव्याच्या सावियो मेदेइरांनंतर पहिल्यांदाच आपल्यातला माणूस, आणि खालिद तर मुंबईत खेळलेले, मुंबई एफसीचे कितीतरी वर्षं कोच राहिलेले, तिथून बाहेर पडल्यावर 2017 मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही देशातली लीग जिंकून देणारे. त्यांच्याबद्दल कुठेही वाचा, एक तर शिस्तप्रिय, नाही तर अबोल, ह्यापुढे काही नाही. अशा शब्दांनी वाचकाला काय कळतं? पुढच्या वेळी टीमचा कॅम्प लागेल तेव्हा तुमच्या रिपोर्टरला तिथे पाठवा. सराव किती वेळ चालतो, बॉल घेऊन किती आणि बॉलशिवाय किती, उशीर करणाऱ्याला काय होतं आणि तो सीनियर असला तरी तेच होतं का, बसवलेल्या प्लेअरला कारण तोंडावर सांगितलं जातं का त्याला लिस्ट बघून कळतं, हे विचारून घ्या आणि अर्धा कॉलम का होईना छापा. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) क्लबांबद्दलही हेच लिहिता येईल. आम्ही वाचणारे आहोत.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर