टीव्हीमागची दिव्यांची पट्टी घेण्याआधी

मा. संपादक,
स. न.

दिवाळी जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या बाजारात टीव्हीमागे चिकटवायच्या एलईडी पट्ट्या येतात. पडद्यावरच्या रंगांबरोबर मागचा उजेडही बदलावा म्हणून लोक त्या घेतात आणि पैसे वाया जातात. चार तारांची, रिमोटवाली १२ व्होल्टची साधी पट्टी एका वेळी सगळीकडे एकच रंग दाखवते. डावीकडे निळा, उजवीकडे केशरी हे तिला जमतच नाही. हवी ती प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येणारी, डब्ल्यूएस २८१२बी चिपची, तीन जोडण्यांची ५ व्होल्टची पट्टी.

सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्तस्रोत आहे: संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पडद्याचे रंग वाचणारे हायपेरियन, आणि पट्टीजवळच्या ईएसपी ३२ या छोट्या वायफाय बोर्डवर दिवे चालवणारे डब्ल्यूएलईडी. एकदा बसवले की घरच्या वायफायवरच चालते, बाहेरचे नेट गेले तरी अडत नाही. तालुक्याच्या गावी याचे मोल मोठे.

चुका होतात त्या विजेच्या हिशेबात. ४३ इंची टीव्हीचा घेर सुमारे ३ मीटर. मीटरला ३० दिवे धरले तर ९० दिवे. पूर्ण पांढऱ्या उजेडात दिव्यामागे ६० मिलिअँपिअर, म्हणजे ५.४ अँपिअर. इथे मोबाइलचा चार्जर कामाचा नाही. ५ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्यावा, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात टीव्हीमागे तो पूर्ण भाराने चालवणे बरे नाही. डब्ल्यूएलईडीत करंटची मर्यादाही घालून ठेवावी. शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसले तर व्होल्टेज पडते आहे असे समजावे. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून ते आधी मंदावतात. पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज द्यावी.

दिवे उगाच लुकलुकत असतील तर आधी बोर्ड आणि एसएमपीएसचे ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडले आहे का ते पाहावे. ते ठीक असेल तर दोष सिग्नलचा: ईएसपी ३२ देतो ३.३ व्होल्ट, पट्टी मागते साधारण ३.५. बोर्ड आणि पट्टीच्या मध्ये सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारा ७४एएचसीटी१२५ आयसी आणि पहिल्या दिव्याजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर टाकावा. कोपऱ्यात पट्टी दुमडू नये. ती कापून तुकडे तारेने, डाग देऊन जोडावेत. हायपेरियनमध्ये दिवे मोजायचे ते समोरून पाहून. मागून मोजले की डावे-उजवे उलटते.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. स्मार्ट टीव्हीच्या आतल्या ॲपचे चित्र एचडीएमआयमधून बाहेर येत नाही, त्यामुळे हायपेरियनला चित्र पुरवणाऱ्या कॅप्चर कार्डला ते मिळतच नाही. बाहेरचा सेट-टॉप बॉक्स, चित्र टीव्ही आणि कार्ड दोन्हीकडे देणारा स्प्लिटर, मग कॅप्चर कार्ड असा मार्ग लागतो, आणि कॉपी-संरक्षण असलेल्या चित्राला तिथेही काळा पडदाच दिसतो. संगणकाचा मॉनिटर असेल तर मात्र यातले काहीच लागत नाही. हायपेरियन पडदा थेट वाचते.

दुकानदारांना विनंती, पट्टीच्या रिळावर चिपचे नाव, व्होल्ट आणि मीटरला किती दिवे एवढे मराठीत लिहून ठेवा.

– इलेक्ट्रॉनिक्स जोडणी करणारे वाचक, भुसावळ