नदी सरकली की पाणी ओसरले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उष्ण कटिबंधातील एखादी नदी सरकल्याचे दाखवायला ‘तेव्हा आणि आता’ अशी उपग्रहचित्रांची जोडी छापली जाते. त्यातले एक चित्र भर पुरातले आणि दुसरे उन्हाळ्यातले असेल, तर दिसणारा फरक बहुतेक पाण्याच्या चढउताराचा असतो. मध्य ॲमेझॉनमध्ये ही पातळी वर्षभरात सुमारे 10 मीटर वरखाली होते!

म्हणून पाण्याची कड न धरता काठावरच्या कायम झाडीची कड धरावी आणि उघडे पडलेले वाळूचे पट्टे पात्रातच मोजावेत. दरवर्षी कोरड्या ऋतूतले तेच महिने निवडावेत आणि जवळच्या पाणीपातळी मोजणाऱ्या केंद्रावरची नोंद ताडून पाहावी. ढगांमुळे एकच स्वच्छ चित्र क्वचित मिळते. मोसमातील सगळ्या चित्रांतून प्रत्येक पिक्सेलचे (चित्रातल्या सर्वांत लहान चौकोनाचे) मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे, मूल्य घेतले की काम भागते. त्याआधी ढगांबरोबर त्यांच्या सावल्याही वगळाव्या लागतात. सावली काळी असते, म्हणून संगणक तिला बिनदिक्कत पाणी ठरवतो. लँडसॅट 7 या अमेरिकी उपग्रहाच्या 31 मे 2003 नंतरच्या चित्रांत कोऱ्या पट्ट्या पडून सुमारे 22 टक्के भाग रिकामा असतो, तेही ध्यानात असावे.

खरी फसगत गाळ करतो. पाणी ओळखायला प्रकाशाचा हिरवा आणि निकट-अवरक्त (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) पट्टा वापरण्याची जुनी रीत आहे. पण गढूळ पाणी जमिनीसारखेच निकट-अवरक्त किरण बऱ्यापैकी परावर्तित करते आणि नदीचा मधलाच तुकडा जमीन ठरतो. तिथे हिरव्यासोबत लघुतरंग-अवरक्त (निकट-अवरक्ताच्याही पलीकडचा) पट्टा घ्यावा. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांत या पट्ट्याचा पिक्सेल 20 मीटरचा आहे, हिरव्याचा 10 मीटरचा. त्यामुळे अरुंद उपनद्यांत पुन्हा घोळ होतो. ढगांआडून पाहणारे रडार उपयोगी खरे, पण वाऱ्याने खवळलेले पाणी त्याला जमिनीसारखे भासते.

1972च्या पहिल्या लँडसॅटचा पिक्सेल सुमारे 80 मीटरचा, 1982 पासूनचा 30 मीटरचा. हे दोन्ही जोडून काढलेल्या नकाशात शंभर मीटरच्या आतील सरकण्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही. पेरूतील उकायालीसारख्या नागमोडी नदीची वळणे मात्र काही दशकांत ही मर्यादा सहज ओलांडतात. तिथे जुनी चित्रेही मोलाची ठरतात.

‘तेव्हा आणि आता’च्या अशा जोडीखाली दोन्ही तारखा, उपग्रहाचे नाव, पिक्सेलचा आकार आणि त्या दिवशीची पाणीपातळी छापावी, एवढीच विनंती. दोन ओळींत मावेल.

आपले,
दूरसंवेदन क्षेत्रातील काही अभ्यासक