शेवटच्या दिवसाची डोली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा बोलायचं त्राणच नव्हतं. ‘सुखरूप पोचले, पाय दुखताहेत’ एवढं सांगून ठेवला. पण पन्हाळा-पावनखिंड मोहिमेचा शेवटचा दिवस फोनवर उरकण्यासारखा नव्हताच. आज गरम पाण्यानं शेकून पाय जरा हलके झालेत, कपडेही धुऊन झालेत (लाल माती अजून सुटलेली नाही), म्हणून सविस्तर लिहिते.

आदल्या रात्रीचा मुक्काम करपेवाडीत, एका घराच्या पडवीत होता. बूट रात्रभर चुलीपाशी ठेवले तरी सकाळी ओलेच. त्या घरच्या मावशींनी निघताना नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. भाकऱ्यांचे पैसे ठरलेले होते. वर मूठभर लसणाची चटणी त्यांनी आपण होऊन घातली.

आंबेवाडीच्या पुढे झाडी दाट होत जाते. पायवाट कसली, पाण्याचा पाटच तो. शेतांमधून रोपलावण चालली होती. बाया डोक्यावर खोळ घेऊन, वाकून, ओळीनं मागे सरकत होत्या. एका म्हाताऱ्या आजीच्या पाठीवर मात्र जुनं इरलं होतं. ‘लई लांबनं आलाय की!’ म्हणत त्यांनीच आम्हाला पुढच्या ओढ्याची वाट दाखवली. आमच्या गटात पुढे एक लीडर, मध्ये एक आणि शेपटीला एक. शेपटीच्या लीडरच्या मागे कुणी राहायचं नाही, एवढाच नियम. वयानं म्हण, गुडघ्यांमुळे म्हण, मी बहुतेक त्याच्याच सोबतीला होते.

रिंगेवाडी सोडल्यावर एका ओढ्यात गटातल्या एका निवृत्त मास्तरांचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि मुरगळला. बघता बघता घोटा टम्म सुजला. लीडरनं क्रेप बँडेज बांधलं, पण पाय टेकवेना. तिथे गाडी येणं शक्य नव्हतं. मग एक लीडर पुढे माळेवाडीला धावला आणि दोन गावकऱ्यांना घेऊन आला. त्यांच्याकडे एक जाड बांबू आणि घोंगडी. कुठे काय करायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. घोंगडीची टोकं बांबूला आवळून बांधली, मास्तरांना आत बसवलं आणि डोली उचलली.

बाळा, पुढचं नीट वाच, कारण या पत्रातलं मला सांगायचं आहे ते हेच आहे. आपल्या गटातली तरणीबांड पोरं, रोज जिममध्ये जाणारी, पुढे सरसावली. पाच-दहा मिनिटांत त्यांचे खांदे भरून आले. बांबू रुततो, माणूस झुलतो, आणि पुढच्यामुळे मागच्याला स्वतःचा पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. पुढचा ‘दगड’ म्हणाला की मागच्यानं ‘दगड’ म्हणायचं, ‘खड्डा’ म्हणाला की ‘खड्डा’. चिखलात पाय नडगीपर्यंत जायचा आणि बूट आतच राहू पाहायचा. दर थोड्या वेळानं माणसं बदलायची, डोली मात्र खाली टेकवायची नाही. मी मास्तरांची सॅक घेतली होती; तेवढ्यानंच माझी दमछाक झाली. आणि हे सगळं भर दिवसा, मागे कुणी लागलेलं नसताना.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे महाराजांची पालखी उभी राहिली. १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढी पौर्णिमा, सिद्दी जौहरचा वेढा. महाराज पन्हाळ्याच्या राजदिंडीच्या वाटेनं गड उतरले, बरोबर ६०० माणसं. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसला आणि मरणाला सामोरा गेला. त्याचं नाव आपण घेतो, पन्हाळ्याला त्याचा पुतळा आहे. पण खऱ्या पालखीचे भोई? ह्याच चिखलातून, ह्याच ओढ्यांतून, रात्रीच्या पावसात ज्यांनी पालखी पळवली त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही. लहानपणी तुला ही गोष्ट सांगताना ‘पालखीतून निघाले’ असं मी किती सहज म्हणायची! ते वाक्य उचलायला किती खांदे लागले, हे त्या दिवशी कळलं.

माळेवाडीहून पाटेवाडी, आणि मग पांढरेपाणी. तिथे डांबरी रस्त्यावर गाडी उभी होती. मास्तरांनी पाकीट काढलं तर ते दोघे गावकरी पैसे घेईनात. ‘चहा पाजा,’ म्हणाले. पावसाळ्यात वाडीवरचा आजारी माणूस, अडलेली बाई, सगळ्यांना असंच आणावं लागतं म्हणे. टपरीवर सगळ्यांनी मिळून चहा घेतला आणि ते दोघे घोंगडी खांद्यावर टाकून आले त्या वाटेनं परत गेले.

खिंडीत मास्तर उतरू शकले नाहीत, ते वर स्मारकापाशी थांबले. आम्ही लोखंडी जिन्यानं खाली गेलो. कासारीचं पाणी असं घोंघावत होतं की लीडरला ओरडून बोलावं लागत होतं. ३०० माणसं घेऊन बाजीप्रभू इथे थांबले, बाकीच्यांना घेऊन महाराज विशाळगडाकडे गेले. विशाळगडालाही सुर्वे आणि दळव्यांचा वेढा होता, तोही फोडावा लागला. हे आपल्याला पाठ आहे. पण मी तिथे बसले होते ती वेगळ्याच विचारात. इथे उभी राहिलेली बाजींबरोबरची बांदल देशमुखांची माणसं ताज्या दमाची नव्हती रे. आम्ही मुक्काम करत, भाकरी खात आलो तीच वाट ती एका दमात चालून आली होती, आणि त्यानंतर त्यांनी तलवार उपसली. बाजी आणि त्यांचे थोरले बंधू फुलाजी, दोघेही पडले. दोघांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. पाऊस वाढल्यामुळे यंदा तिथे जाता आलं नाही.

तू भराभर चालतोस, ॲपवर वेळ मोजतोस, सगळ्यांच्या आधी पोचतोस. त्याचं मला कौतुक आहे. पण पुढच्या आषाढात तू या वाटेला यावंस आणि शेपटीच्या लीडरबरोबर चालावंस, अशी माझी फार इच्छा आहे. डोलीची वेळ कुणावर न येवो, पण आली तर बांबूखाली तुझा खांदा असावा. येताना करपेवाडीच्या मावशींसाठी एक चांगली ताडपत्री घेऊ. त्यांच्या पडवीचा एक कोपरा गळतो. तुझी सुट्टी कधी मिळेल ते कळव, म्हणजे दोघांची नावं एकदमच नोंदवते. पिंडऱ्यांना तेल लावून झोपते आता.

तुझी,
आई